अँबेसेडरच्या गादीत काय काय निघालं

गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या दुकानात दिवसभर कतरन पडते. रेक्झिनची, फोमची, दोऱ्याची. संध्याकाळी झाडू फिरतो आणि सगळं पोत्यात जातं. किस्से मात्र कोणी झाडत नाही, ते साचतच राहतात! दीड महिना मी तशा दुकानात बसून होते ना, आता पुण्यात परत आलेय तर रूममेट म्हणते, "ए बाई, तू ऑफिसचं काही सांगतच नाहीस, सारखं आपलं गोंदियाचं गादीवालं दुकान!" अगं, मग काय सांगू? ऑफिसात काय होतं? मीटिंग होते!

तर आधी थोडक्यात मॅटर काय ते ऐका. माझे बाबा आयुष्यभर गोंदिया ते देवरी-चिचगड सवारी गाडी चालवायचे. पांढरी अँबेसेडर. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकदम मस्त झालं. डॉक्टर म्हणाले, आता फिरा, गाडी चालवा, काय वाटेल ते करा. पण तोवर काही महिने गाडी उभी होती, आणि बाबा बसले ते बसलेच. कुडव्याच्या आमच्या घरी ओट्यावर खुर्ची, खुर्चीत बाबा. बाजार नाही, मित्र नाहीत, कोणाचं लग्न नाही. मामाच्या नव्या गाडीत बसा म्हटलं तर, "एवढं वाकून आत जायचं? मी काय मांजर आहे?" बरं, स्वतःच्या गाडीत बसा म्हटलं तर, "तिची सीट गेली, माझा गुडघा गेला. राहू दे दोघांले."

आई फोनवर रडायची. म्हणायची, "पिंकी, माणूस घरात असून नसल्यासारखा झाला गं."

मग मी दीड महिना घरून काम मागून घेतलं. मेकॅनिककडून इंजिन चालू करून घेतलं आणि गाडी आतून नवी करायला पटले उस्तादांकडे नेऊन उभी केली. बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कर. पण मी काही बसत नाही त्यात."

बस्स. हीच माझी परीक्षा. बाबा बसले तर पास!

*

दुकानात माणसं दोनच. एक पटले उस्ताद, वय साठ, कापणं आणि बसवणं त्यांचं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तोंडात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. दुसरी देवकाबाई, नागऱ्याकडून स्कूटीवर येते, शिलाई मशीन तिचं. तिच्या मशीनला हात लावलेला उस्तादांनाही चालत नाही.

पहिल्या दिवशी मी फुल तयारीत. मोबाइलवर फोटो, फॉरेनच्या जुन्या गाड्या, आतून दुधासारख्या पांढऱ्या. म्हटलं, "उस्ताद, मला हा क्रीम कलर हवाय. आणि छताला निळे लाइट."

उस्तादांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "मॅडम, ये गाडी है के मंगल कार्यालय?"

देवकाबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "पांढरी गादी? धानाच्या दिवसात? कोणाले बसवशील वो त्याच्यावर, डॉक्टरले?"

मी हटले नाही. मग उस्तादांनी त्यांची टेस्ट काढली. कुठलाही रंग घ्यायचा असो, ते आधी रेक्झिनचा वीतभर तुकडा घेतात. त्यावर अर्धा कप चहा ओततात. चपलेच्या तळव्याची माती घासतात. खर्ऱ्याची चिमूट चोळतात. आणि तुकडा दिवसभर उन्हात टाकून देतात. संध्याकाळी पुसून जे दिसेल तो गाडीचा खरा रंग!

माझ्या क्रीमचा तुकडा संध्याकाळी पुसला. दहा वेळा पुसला. मातकट, चहाळलेला, कुठे तपकिरी, कुठे लालसर. देवकाबाईनं तो उचलून उजेडात धरला आणि पहिल्यांदाच खूश झाली.

"आता आला बरोबर! हाच रंग घे."

आणि यार, खरंच सांगते, आम्ही तोच तुकडा घेऊन रेक्झिनवाल्याकडे गेलो आणि त्याला म्हटलं, "असाच द्या!"

*

उस्तादांचा एक नियम आहे. मालक समोर असल्याशिवाय जुनी गादी फाडायची नाही. "अंदर से क्या निकलेगा, भगवान जाने. बाद में बोलते, मेरी अंगूठी थी."

बाबा येईनात. मग व्हिडिओ कॉल लावला. तिकडे आईनं मोबाइल धरला, बाबा ओट्यावर, तोंड दुसरीकडे.

मागची सीट फाडली. आधी काथ्या निघाला. मग तणस, म्हणजे कधीतरी कोणीतरी सरळ धानाची तणस कोंबून दुरुस्ती केलेली! मग तीन कंगवे. एक कानातलं. दुसरं कानातलं, पण वेगळ्याच जोडीचं. तेंदूपत्त्याचा चुरा. लहान मुलाचा एक मोजा. बाबांचं प्रत्येक वस्तूला एकच उत्तर, "फेका."

मग उस्तादांनी हात आत घातला, आणि विंचू चावल्यासारखा बाहेर काढला. देवकाबाई दोन पावलं मागे. "मी नाही हात लावत बापा त्याले!"

कवळी! खालच्या दातांची अख्खी कवळी!

मी ती चिमट्यात धरून मोबाइलसमोर नेली. बाबांनी मान वळवली. पुढे सरकले. मोबाइल आईच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला. "अरे! हे तं चिचगडच्या गुरुजींचे दात!"

मग सगळी स्टोरी बाहेर आली. गुरुजी गाडीत झोपले होते, खड्डा आला, दात गेले. बाबांनी गाडी तीन वेळा मागे नेऊन रस्ता शोधला होता. गुरुजी म्हणायचे, गाडीतच पडले. बाबा म्हणायचे, खिडकीतून गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद! दोघंही हट्टी.

आईनं तिथल्या तिथे दुसऱ्या मोबाइलवरून गुरुजींना फोन लावला आणि बाबांच्या कानाला टेकवला. बाबा घसा साफ करत म्हणाले, "गुरुजी, तुमचंच बरोबर होतं. सापडले."

गुरुजी एवढ्या जोरात बोलतात की इकडे आम्हाला दुकानात ऐकू आलं. "आता नवीन बसवले रे मी! पण फेकू नको. स्टेपनी म्हणून ठेव!"

बाबा हसले. आई नंतर म्हणाली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

*

मी दुकानातूनच काम करायचे. कोपऱ्यात फोमच्या थप्पीवर लॅपटॉप. एकदा टीमची मीटिंग चालू, बारा जण स्क्रीनवर, मॅनेजर सर एकदम सीरियस मुद्द्यावर. मागे देवकाबाईचं मशीन घरघर. सर म्हणाले, "कोण बाइकवर आहे? म्यूट करा."

मी म्यूट करणार तेवढ्यात देवकाबाई माझ्या खांद्यावरून वाकली. स्क्रीनमध्ये तिचं तोंड मोठ्ठं. सरांकडे बोट दाखवून म्हणाली, "याची खुर्ची वाकडी हाय वो. डाव्या अंगानं बसून राहिला हा. कंबर जाईन याची."

सर हळूच सरळ झाले.

मग बघते तर काय, बाराच्या बारा जण सरळ होऊन बसलेले!

*

छताच्या लायनिंगच्या दिवशी मात्र माझी वाट लागली. जुन्या अँबेसेडरचं छत म्हणजे लोखंडी तारांवर ताणलेलं कापड, आणि कडा सोल्यूशननं चिकटवायच्या. मी इंटरनेटवर तीन व्हिडिओ पाहून आले होते. "उस्ताद, हे मी करते!"

उस्ताद म्हणाले, "करो."

ज्या माणसानं चाळीस वर्षं काम केलंय तो इतक्या पटकन 'करो' म्हणतो तेव्हा आपण घाबरायला पाहिजे. मी नाही घाबरले. गाडीत वाकून उभी राहिले, ब्रशनं सोल्यूशन लावलं, एकदम भारी लावलं. पाठ दुखली म्हणून जरा सरळ झाले. डोक्यावर माझा अंबाडा. अंबाडा गेला छताला. आणि तिथेच राहिला!

"देवकाबाई! देवकाबाई, माझे केस!"

ती आली. आत डोकं घातलं. कात्री हातात. शांतपणे सगळीकडून पाहिलं. मी म्हटलं, "कापड थोडं कापा ना, दुसरं लावू."

"कापड?" ती म्हणाली. "मॅडम, कापड नागपूरवरून आलं. केस तं घरचेच होय!"

कच्च! पाच मिनिटांत मी मोकळी, आणि मागून माझी मान थंड. घरी गेले तर बाबांनी ओट्यावरून वरपासून खालपर्यंत पाहिलं. आईला हाक मारून म्हणाले, "गाडीची सीट होऊन राहिली का पोरीची?"

*

मध्येच एक काका आले. गाडीला दोन चकरा मारल्या. बाहेरून पॉलिश झालेली, चकचकीत. म्हणाले, "नवरदेवासाठी पाहिजे. आज संध्याकाळी. देता का?"

मी म्हटलं, "काका, आत सीट नाहीये."

काकांनी काच पुसून आत पाहिलं. आत नुसता पत्रा.

"चालते," ते म्हणाले. "मंडपवाल्याच्या खुर्च्या हायेत आपल्याकडे. लाल कव्हरवाल्या!"

त्यांना नाही म्हणायला मला अर्धा तास लागला. जाताना म्हणाले, "नवरदेवाले बसून नाही, उभं राहून चालन!"

*

आता उस्तादांची माप घ्यायची पद्धत सांगते. टेप नाही, काही नाही. राईस मिलमधून ओलसर धानाचा भुसा आणतात, जाड प्लॅस्टिकच्या पोत्यात सैल भरतात, खुर्चीवर ठेवतात आणि माणसाला त्यावर बसवतात. पंधरा मिनिटं. माणूस जसा बसतो तसा भुसा दबतो. कुठे कंबर, कुठे मांडी, कोणत्या बाजूला भार जास्त, सगळं उमटतं. त्या खड्ड्यावरून फोम कापायचा. म्हणे तुमच्यासारखी दुसऱ्या कोणाचीच गादी नाही!

पण बाबा तर म्हणाले होते, बसत नाही. म्हणून प्लॅन केला. उस्ताद आणि देवकाबाई 'असेच इकडून चाललो होतो' म्हणून घरी आले. सोबत पोतं. कोण पोतं घेऊन असंच इकडून जातं! आईनं ओट्यावरच्या खुर्चीत ते ठेवलं. बाबा म्हणाले, "हे काऊन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मऊ बसायचं," मी ठोकून दिलं.

बाबा बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. उस्ताद घड्याळाकडे पाहतायत, देवकाबाई बाबांच्या कंबरेकडे पाहतेय. बाबा उठले तसं आईनं पोतं अलगद उचललं, नवजात बाळ द्यावं तसं देवकाबाईच्या हातात दिलं. उस्ताद तिची स्कूटी चालवणार, देवकाबाई मागे, पोतं मांडीवर.

दुकानात पोचल्यावर पाहते तर देवकाबाईच्या मांडीवर पोतं नाहीच!

"पोतं कुठे आहे?"

ती उठली. पोतं खाली होतं. रस्त्यात एवढे गतिरोधक लागले, मांडीवरून सरकत होतं, म्हणून तिनं ते सीटवर घेतलं आणि वर नीट बसून आली! कुडव्यापासून दुकानापर्यंत!

उस्तादांनी खड्ड्यात हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, गाडी अब देवकाबाई के नाम कर दो."

ती काय गप्प बसते! "मग? माझ्या मापाची शिवली तं तुमचा बाप अजून दोघांले घेऊन बसन!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वरात घरी. पुन्हा पोतं. पुन्हा चहा. बाबा बसले, दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

"काल चहा, आज चहा. दोघं समोर बसून नुसतं पाहून राहिले मले. पसंत हाय का नाही ते तं सांगा!"

*

पुढच्या सीटवरून माझं आणि उस्तादांचं वाजलं. अँबेसेडरची पुढची सीट सलग असते, बाकासारखी. मला दोन वेगळ्या सीट हव्या होत्या, मागे रेलणाऱ्या. बाबांच्या पाठीला बरं. उस्ताद म्हणाले, "मालिक से पूछो."

मी फोन केला. बाबा म्हणाले, "दोन सीट? मग तिसरी सवारी कुठे बसवणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, आता कुठे सवारी आहे?"

फोन कट झाला.

मी तिथेच फोमवर बसले. मला इतकं वाईट वाटलं ना. असं कोण बोलतं आपल्या बापाला! दीड महिना फुकट, केस फुकट, सगळंच फुकट असं वाटायला लागलं. उस्ताद उगाच कात्री पुसत राहिले. बोलली ती देवकाबाईच. मशीन थांबवून.

"काऊन रडतं वो? ज्याले बसायचंच नाही, तो तिसऱ्याची काळजी कायले करन?"

मी डोळे पुसले. सीट सलगच ठेवली. आत बाबांच्या कंबरेच्या जागी फोमचा एक उंचवटा, वरून दिसत नाही. आणि माझी एवढी एक हौस उस्तादांनी पुरवली. ऍशट्रेच्या डबीत मोबाइलचं चार्जिंग बसवलं. ते सांगायला मी घरी फोन केला, आईनं बाबांना दिला, तर त्यांचा सूर अजून ताठच.

"विडीच्या जागी करंट? कोणी सवयीनं विझवायला गेला तं?"

उस्तादांनी लगेच झाकणावर लाल रंगानं लिहून टाकलं, 'यहां बीड़ी मना है'!

*

आणि मग तो दिवस. गाडी तयार. गाद्या, दारांचे पॅड, छत, खालचं मॅट, सगळं. गादी चहाच्या रंगाची, कडेला पांढरी पाइपिंग. पुण्याची बस दुसऱ्या दिवशी होती माझी. म्हणजे आज नाही तर नाहीच.

आईनं बाबांना रिक्षात घालून आणलं. 'नुसतं पाहायला चला' एवढ्यावर ते आले होते. सकाळी अकराची वेळ, रस्ता भरलेला. बाबा उतरले आणि दुकानाच्या पायरीपाशीच उभे राहिले. उस्ताद, जे कोणाच्या बापाला घाबरत नाहीत, खर्ऱ्याची पुडी उघडून हातातच धरून बसलेले, तोंडात टाकायचं विसरले. देवकाबाईनं मशीन बंद केलं. ती मशीन बंद करते म्हणजे बघा!

बाबांनी गाडीला एक चक्कर मारली. मागचं दार उघडलं, पंजानं गादी दाबली. दार लावलं. छताकडे पाहिलं, ज्या कोपऱ्यात माझा अंबाडा राहिला होता तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं. पाइपिंगवरून नख फिरवलं. देवकाबाई माझ्या कानात म्हणाली, "टाके मोजून राहिला का काय हा?"

बाबा पुन्हा पायरीपाशी आले. आईनं डोळे मिटले. मला वाटलं, झालं, नापास.

मग ते वळले. ड्रायव्हरकडचं दार उघडलं. आधी डावा पाय, मग हात स्टिअरिंगवर, मग बसले.

बाबा मागे टेकले. थोडे सरकले. परत टेकले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे पाहत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं. मी पुढे जाऊन विचारणार, "कसं वाटतंय बाबा?", तर आईनं माझा हात ओढला.

आणि बाबांनी हॉर्न दाबला! मोठ्ठा! खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जो आवाज मी शाळेत असल्यापासून ऐकला नव्हता त्या आवाजात ओरडले, "देवरीईई चिचगड! देवरीईई चिचगड! चला, एक सीट, एक सीट!"

"अहो!" आई म्हणाली. "लोक बघतायत!"

लोक बघतच होते. त्यातलीच एक मावशी, पलीकडे झाडाखाली दोन पिशव्या घेऊन उभी होती, ती सरळ रस्ता ओलांडून आली. आत वाकून पाहिलं. गाडी अख्खी रिकामी.

"काऊन जी, एक सीट मनता अन् गाडी तं खाली हाय?"

"बसा जी तुम्ही. भरते," बाबा म्हणाले.

मावशी पुढेच बसली. पिशव्या पायाशी. गादीवर दोनदा हलून पाहिलं, छत पाहिलं, दार पाहिलं. गाडी सुरू झाली तशी तिनं विचारलं, "नवीन घेतली का जी?"

"माझी नाही," बाबा म्हणाले. "पोरीची आहे. मी नुसता डायवर."

आणि फर्स्ट गिअर टाकला.